पेटीवरचं फडकं

देवमन तायडे हा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पेटी उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं होतं. तुमच्या गोष्टींत ओढणी अडकते, छत्री उडते, तो वळून पाहतो... आमच्या गोष्टीत गारा पडल्या आणि त्या माणसानं भर सभेत माझी अब्रू काढली. तरी ही प्रेमाचीच गोष्ट आहे, पोरींनो. नीट बसून वाचा.

मार्च महिना होता. अमरावतीला राजापेठेतल्या एका हॉलमध्ये दुपारी चारला लोककलेचा कार्यक्रम. वर टिनाचं छत, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या आणि स्टेजवर आमची गोदाबाई गायन पार्टी, मुक्काम नांदगाव खंडेश्वर. गोदाबाई माझी आई. गावोगावच्या विहारासमोर, जयंतीच्या मंडपात तिनं चाळीस वर्षं कव्वाली गायली. भीमाची गाणी, बुद्धाची गाणी, आणि समोरच्या पार्टीला घाम फोडणारे सवाल. तिच्यामागं पार्टी माझी. मी मैना. शाळा चौथीपर्यंत, पण ओळीला ओळ जुळवायला मला कधी पाटी लागली नाही.

त्या दिवशी मी गात नव्हते.

लिहूनच टाकते, आता कोणापासून लपवायचं? तीन वर्षांपूर्वी तिवस्याला वरच्या पट्टीत माझा आवाज फुटला. मडकं फुटतं तसा. पुढच्या रांगेतले पोट्टे खुर्च्या वाजवून हसले. तेव्हापासून माझ्या मुलानं, प्रीतमनं, माझ्याच जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हमध्ये भरल्या. स्पीकरमधून पस्तिशीची मैना गायची आणि स्टेजवर अठ्ठावन्नची मैना ओठ हलवायची. आमचे ढोलकवाले शेषराव, तेही ढोलकवर नुसता हात फिरवायचे. लोकांना कळत नव्हतं. मोबाईलवर शूटिंग करणाऱ्याला कळून तरी काय करायचं असतं?

आता आमची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आईच्या काळापासून आमच्या पार्टीत सवालाची चिठ्ठी चालते. ऐकणाऱ्यांतलं कोणीही कागदावर सवाल लिहून पाठवायचा, आणि गाणारणीनं तिथल्या तिथं, ढोलक थांबू न देता, दोन ओळी जुळवून जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर पेटीवर फडकं टाकायचं आणि उठायचं. हार म्हणजे हार. आईच्या पेटीवर चाळीस वर्षांत एकदाही फडकं पडलं नाही.

तर दुसरं गाणं चालू असताना आभाळ फाटलं. टिनावर गारा अशा पडायला लागल्या की आवाज छातीत घुमावा. आणि तेवढ्यात खालून माझ्याकडे एक चिठ्ठी आली. उभ्या उभ्या अक्षरात लिहिलेली.

‘बाहेर काय पडून राहिलं, ते दोन ओळींत सांगा.’

एवढा सोपा सवाल! शाळेतल्या पोरीनं जवाब दिला असता. मलाही ओळी सुचल्या, तोंडाशी आल्या... आणि तिथंच थांबल्या. कारण स्पीकरमधली मैना आपलं गातच होती. तिला गारा ऐकू येत नव्हत्या. मी चिठ्ठी गुडघ्याखाली दाबली, ओठ हलवले आणि हसले.

ते गाणं संपलं, गाराही जरा मंदावल्या, तेवढ्यात चौथ्या रांगेत एक माणूस उभा राहिला. सडपातळ, केस पांढरे, निळ्या चौकड्यांचा शर्ट, खांद्याला झोळी. राग नाही, थट्टा नाही. गाडीत कोणाला ‘तुमचं स्टेशन आलं’ म्हणून सांगावं, इतक्या शांतपणे तो म्हणाला,

“बाई, फडकं टाका पेटीवर.”

अंगाची लाही लाही झाली. मी माईक ओढला आणि ओरडले, “कोन रे तू?” पण स्पीकरमध्ये पुढचं गाणं लागलं होतं आणि माईक बंदच होता. तीन वर्षांपासून बंदच असायचा तो. हॉलमध्ये कोणालाच काही ऐकू गेलं नाही. फक्त त्यानं माझे ओठ पाहिले आणि... हसला मेला.

कार्यक्रम संपताच मी बाहेर धावले. गारा थांबल्या होत्या, रस्त्यावर पांढरा सडा पडला होता. समोरच्या गाडीवर तो दही घातलेला गिला वडा खात उभा होता. माझ्या अब्रूचा भुगा करून याला भूक लागली होती!

“तुमी कोन हाय? कलेक्टर?”

“नाही. रिटायर माणूस. रेल्वेत सिग्नल पाहत होतो.” त्यानं द्रोण पुढं केला. “घ्या. गरम हाय.”

“सिग्नलवाल्याले गाण्यातलं काय कळते?”

“तेच. लाल हाय का हिरवा.”

“अन् माझा?”

“तुमचा...” त्यानं बोटं पुसली, माझ्याकडे पाहिलं. एवढ्या सरळ नजरेनं मला कोणी पाहून किती वर्षं झाली होती कोणास ठाऊक. “तुमचा खांब उभा हाय, बाई. दिवा बंद हाय.”

मी द्रोण हातानं उडवला. दही त्याच्या शर्टावर, वडा गारांमध्ये. तिथून जी निघाले ती थेट नांदगावला येऊन थांबले. घरात शिरले, पेटी ठेवली आणि भावनाच्या, म्हणजे सुनेच्या, जुन्या लुगड्याचा तुकडा काढून तिच्यावर टाकला. हार मानली म्हणून नाही, रागानं. निदान घरच्यांना मी तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी ओट्यावर ज्वारी पाखडत होते. एस.टी. गेल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ फाटकाशी तोच निळा शर्ट. दह्याचा डाग धुतलेला, पण गेलेला नव्हता.

“पत्ता कोन देल्ला?”

“तुमच्या सूनबाईनं.”

भावना दाराआड होती. तिच्याकडे मी असं पाहिलं की ती चहा टाकायला पळाली.

“माफी मागाले आले?”

“नाही,” तो म्हणाला. “जवाब घ्याले आलो. चिठ्ठीचा.”

किती हट्टी असावं माणसानं! सुपातली ज्वारी तशीच टाकून मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि त्या ओळी त्याच्या तोंडावर फेकल्या. गाऊन नाही, बोलून.

“आभाळ टाकते टिनावर गारा, बोराएवढ्या गोल,
वरचा ढोलक खरा वाजते, खालचं सारं फोल!

“घ्या! तवाच सुचलं होतं. मले जवाब येत नाही असं समजू नका. निघा आता.”

तो निघाला नाही. ओट्याच्या कडेवर बसला, झोळी मांडीवर घेतली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी... हो, पाणीच होतं. पुरुषाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं की मला चीड येते. मी आत गेले.

जेवायला थांबवलं ते सूड म्हणून. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला, त्यात मूठभर लाल तिखट जास्त घातलं. तो खात गेला. कपाळावर घाम, कान लाल, नाक वाहतं.

“पाणी देऊ का?” मी विचारलं.

“नको. खरं जेवण गंज दिवसांनी भेटलं.”

“तिखट झालं नाही?”

“झालं ना. तुमी रागानं केलं, ते कळून राहिलं.”

“मंग खाऊन काहून राहिले?”

“राग तरी खरा हाय, बाई. पेनड्राइव्हमधला नाही.”

भावनानं पदर तोंडाला लावला. मी तिला डोळ्यांनीच बाहेर काढलं.

जेवण झाल्यावर त्यानं सांगितलं. तो मूळचा मूर्तिजापूरकडचा, नोकरी सारी बिलासपूरला. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी स्पेनमध्ये नोकरीला. मागच्या वर्षी तिच्याकडे गेला तेव्हा त्याला तिथला फ्लॅमेंको ऐकायचा होता. तो त्यांचा जुना गाण्या-नाचण्याचा प्रकार. गिटार, टाळ्या आणि पायाचा ठेका.

“पहिल्या दिवशी हॉटेलवाल्यानं एका मोठ्या थेटरात धाडलं,” तो म्हणाला. “जेवणासकट नाच. झालरीचे लाल झगे, समोर ताटल्या, दर दीड घंट्याले नवी बस भरून माणसं. सारं घड्याळावर. पोरी नाचून राहिल्या होत्या, पण ध्यान घड्याळाकडं. मी अर्ध्यातून उठलो.”

“तुमाले उठाची सवयच दिसते.”

“हाव,” तो हसला. “मंग पुसत फिरलो. हॉटेलवाल्याले नाही, टॅक्सीवाल्याले नाही. एक बुढा भेटला, गिटार दुरुस्त करणारा. पोरीनं त्याले पुसलं, गाणारे-नाचणारे सोताच्या मनासाठी कुठं जातात? त्यानं गल्ली सांगितली. दाराले बोर्ड नाही, तिकीट नाही, अंदर वीस-पंचवीस माणसं. एक जाडी बुढी खुर्चीवर बसली, गुडघ्यावर हात ठेवले, अन्... तिचा आवाज फाटेल होता, बाई. पार फाटेल. शब्द एक समजला नाही. मी लेकरासारखा रडलो.”

मला त्या बुढीचा का राग आला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सात समुद्रापलीकडची बाई, तिनं माझं काय घोडं मारलं होतं?

“एवढी आवडली तं घेऊन याची होती.”

“तिचा नवरा होता ना बाजूले. गिटार वाजवून राहिला होता.”

“अन् नसता तं?”

बाहेर कडुनिंबाचा मोहोर गळत होता, एक बारीक फूल त्याच्या केसांत अडकलं होतं. ते काढावंसं माझ्या हाताला वाटलं. हाताला, मला नाही.

“नसता,” तो हळू म्हणाला, “तरी मी नांदगावलेच आलो असतो.”

मी ताट इतक्या जोरात उचललं की वाटी गडगडत अंगणात गेली.

पण त्यानं अजून एक सांगितलं, आणि त्यानं माझी झोप उडवली. तो सात वर्षांचा असताना त्याच्या मायनं त्याला मूर्तिजापूरला गोदाबाईचा मुकाबला ऐकायला नेलं होतं. “तुमच्या आईचा गळा बसेल होता त्या दिवशी,” तो म्हणाला. “वरची पट्टी लागलीच नाही. फाटला आवाज. मले वाटलं, आता बाई उठते. पण ते उठली नाही. ते खालच्या पट्टीत उतरली. अशी खाली, की मंडपातली माणसं ऐकाले पुढं वाकली. मायच्या मांडीवरून मी बी वाकलो.”

“खोटं!” मी ओरडले. “माझ्या आईचा आवाज फाटलाच नाही कधी. मले सांगता माझी आई?”

“तुमी तवा पाळण्यात असान.”

“निघा.”

तो निघाला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. अमरावतीच्या लॉजवरून रोज दहाची एस.टी. कागदात बांधलेलं ज्येष्ठमध आणायचा, ओट्यावर ठेवायचा, वर्तमानपत्र वाचत बसायचा. ‘गा’ म्हणून एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी त्याला झाडूनं हाणलं असतं, आणि ते त्याला बरोबर माहीत होतं.

चौथ्या दिवशी मीच फडकं ओढून फेकलं. शेषरावांना निरोप धाडला, ढोलक घेऊन या म्हणून. पेटी उघडली, भात्यात हवा भरली, सूर धरला... वर गेले, आणि आवाज तिवस्यासारखाच फुटला. मी बाजूची खंजिरी उचलून भिंतीवर मारली.

शेषराव म्हणाले, “वा, वा, मैनाबाई.” म्हातारं माणूस, घाबरून म्हणालं.

“तोंडात मूग हायेत का?” मी देवमनवर घसरले. “वाहवा म्हणाले जीभ जड होते?”

“वाहवा आली की म्हणीन.”

“नाही आली तं?”

“तं उद्या येतो.”

असा माणूस! पण खरं सांगते, तीन वर्षांत मला पहिल्यांदा कडकडून भूक लागली त्या दिवशी. मग रोज बसलो. मी वर जायचे, फुटायचे, भांडायचे. तो टाळी द्यायचा. कव्वालीची टाळी सोपी नसते, पोरींनो. ठेका सोडून पडली पाहिजे, पण चुकली नाही पाहिजे. त्याची चुकत नव्हती. तळहात लाल व्हायचे त्याचे. आठव्या दिवशी थकून, चिडून मी सूर सोडून दिला आणि आवाज आपोआप खाली आला. खरखरीत, जात्यासारखा. माझाच मला अनोळखी. टाळी एकदम थांबली.

मी मान वर केली. तो पाहत होता.

“वाहवा,” तो म्हणाला. एवढंच. आणि मी... अठ्ठावन्न वर्षांची बाई, लाजले. लगेच पेटी बंद केली. “चहा पाहिजे असन तं सांगा. माझ्या तोंडाकडं काय पाहता?”

जयंतीच्या आदल्या रविवारी अकोल्याला कार्यक्रम होता. मी प्रीतमला सांगितलं, पेनड्राइव्ह घरी ठेव. तो भडकला.

“आई, तिथं हजार माणूस राहते. आवाज फुटला तं?”

“फुटला तं माझा फुटन. तुझा पेनड्राइव्ह फुटत नाही म्हून तो गाणारा झाला का?”

“हे सारं त्या माणसानं भरवलं तुझ्या डोक्यात. गावात लोक बोलून राहिले. रोज येते, रोज बसते. तुझ्या वयाले...”

“माझ्या वयाचं काय?” मी अशी उठले की तो मागं सरकला. “बाबासाहेबांनी कायदा लिहिला त्यात बाईचं वय लिहिलं होतं का? पन्नाशीनंतर हसू नये, असं कलम हाय का कोनतं? दाखव मले, मी चौथी शिकली तरी वाचता येते.”

पण त्याची भीती खोटी नव्हती. अकोल्याला मी खरं गायले आणि पडले, तर गोदाबाईचं नाव माझ्याच तोंडानं बुडणार. मग पार्टीला कोणी बोलावणार नाही. आणि खोटं गायले, तर त्या माणसाकडे मान वर करून पाहता येणार नव्हतं. दोन्हींतलं मनाला जास्त कोणतं लागत होतं, ते तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

त्यात शुक्रवारी चहा पिता पिता त्यानं सांगितलं, “अकोल्यावरून मी जाईन पुढं. रविवारचं तिकीट हाय, सव्वासातच्या गाडीचं. अहमदाबाद, तिथून कच्छ. तिकडं एक बुढा हाय म्हणतात, मातीच्या घागरीवर गाते.”

मी कपबशी ओट्यावर आदळली.

“जा ना,” मी म्हटलं. “कोनी धरलं तुमाले? एक बुढी झाली, आता बुढा. फिरा. तुमचं कामच ते.”

“हाव,” तो म्हणाला. पण चहा त्यानं थंड होऊ दिला, प्यायला नाही.

अकोल्यात रविवारी दुपारी ऊन असं, की मंडपाचं कापडही तापलेलं. विहाराच्या आवारात माणूस माणसाला लागून. बाया पदरानं वारा घेत होत्या. देवमन डावीकडे, खांबाजवळ, झोळी आणि मोठी बॅग दोन्ही घेऊन बसला होता. ती बॅग दिसली की माझं डोकं तापत होतं. म्हणून मी तिकडे पाहायचंच नाही असं ठरवलं, आणि दर दुसऱ्या ओळीला पाहत राहिले.

पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्यात जोर आला आणि मी विसरले, वर गेले. फुटला. हजार माणसांसमोर, मडकं फुटावं तसाच.

पाण्याच्या टाकीचा नळ टपटपत होता, तो ऐकू आला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला प्रीतमचा हात खिशाकडे जाताना दिसला. पोट्ट्यानं आणलाच होता पेनड्राइव्ह!

“हात लावला तं हात तोडीन!” मी म्हटलं.

आणि या वेळी माईक चालू होता.

सारा मंडप हसला. तिवस्याच्या पोट्ट्यांसारखं नाही. घरातलं कोणी बोललं की आपण हसतो, तसं. त्या हसण्यात माझी छाती मोकळी झाली. शेषरावांनी माझ्याकडे न पाहता ठेका हळू केला. मी खालच्या पट्टीत उतरले. त्या जात्यासारख्या आवाजात आईचं पहिलं गाणं धरलं, आणि पुढच्या रांगेतली माणसं... वाकली, पोरींनो. ऐकायला पुढं वाकली. आई खोटी नव्हती. देवमनही खोटा नव्हता.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या. एका बाईनं विचारलं, ‘घरात सगळ्यात शेवटी कोण जेवते अन् काहून?’ मी ढोलक थांबू न देता जवाब दिला,

“पोटाले चिमटा घेऊन तिनं ताट साऱ्यांचं वाढलं,
माय शेवटी जेवते बापा, तिचं ताट कोनी मांडलं?”

बाया उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. एक चिठ्ठी, दोन, पाच, नऊ. प्रत्येक चिठ्ठी उघडताना मी आधी अक्षर पाहत होते. ते उभं उभं, सिग्नलच्या खांबासारखं अक्षर. नवव्या चिठ्ठीपर्यंत ते आलं नाही. शेवटपर्यंत आलं नाही. खांबाजवळ तो टाळ्या देत होता, तळहात लाल करून घेत होता, आणि माझ्यासाठी त्याच्याजवळ एक सवाल नव्हता!

सहाच्या सुमारास कार्यक्रम संपला. गळ्यातले हार मी भावनाकडे फेकले आणि मंडपामागं, टाकीजवळ त्याला गाठलं. तो तोंड धूत होता.

“चिठ्ठी काहून नाही धाडली?”

“गाणं असं झालं, की...”

“गाण्याचं मी पुसलं नाही! अमरावतीत धाडाले हात होते, आज काय झालं? पंधरा दिवस माझी भाकर खाल्ली, माझं डोकं खाल्लं. हजार माणसात एक तुमालेच सवाल सुचला नाही?”

त्यानं तोंडावरचं पाणी निपटलं. बाही ओली, भुवईवर एक थेंब. इतके दिवस शांत असलेला तो माणूस पहिल्यांदा अडखळला.

“सुचला होता. लिवला बी होता.” त्यानं छातीचा खिसा दाबला. “पण धाडला नाही. स्टेजवर सवाल आला की तुमाले जवाब द्यावाच लागते. तुमची रीत हाय ती. मले... मले रीतीचा जवाब नको होता, मैनाबाई.”

टाकीचा नळ टपटपत होता. मला काही सुचेना. मला!

“मंग आता पुसा,” मी म्हटलं. आवाज खालीच होता, गाऊन बसलेला.

त्यानं कागद काढला नाही. माझ्याकडेच पाहिलं. “मी गंज फिरलो. जिथं गेलो तिथं ऐकलं, रडलो, अन् पुढची गाडी धरली. आता दहा वाजले की कोनी माझ्यावर चिडलं नाही, तं दिवस उगवला असं वाटत नाही. उरलेल्या दिवसायची संगत देता का मले?”

कोणा पोट्ट्यानं विचारलं असतं तर मी हसले असते. हा विचारत होता आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

“स्टेजवर जवाब तिथल्या तिथं द्याचा असते,” मी म्हटलं. “खाली उतरल्यावर माझी मर्जी.”

“हाव,” तो म्हणाला. “मर्जी तुमची.” आणि वाकून त्यानं बॅग उचलली.

बॅग उचलली! मी त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिले. “कुठं निघाले?”

“टेशनावर. सव्वासात...”

“जवाब न घेता?”

“तुमीच म्हणल्या ना, की मर्जी...”

“मर्जी माझी म्हणलं! गाडी धरा असं म्हणलं का? चाळीस वर्षं सिग्नल पाहिले अन् हिरवा कळत नाही तुमाले?”

त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग हसू असं हळूहळू चढत गेलं, की मला दुसरीकडे पाहावं लागलं. “चला,” मी म्हटलं. “आमची गाडी तिकडं उभी हाय. अन् हसू नका. लोक पाहून राहिले.”

लोक पाहतच होते. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पेट्या, ढोलक, स्पीकर चढवणं चालू होतं. प्रीतम दाराशी उभा. त्यानं देवमनकडे पाहिलं, बॅगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलायला लागले असते तर दोन घंटे बोलले असते. आज प्रीतमनं जे ऐकलं होतं, ते त्याच्या तोंडावर होतं अजून. मग त्यानं पुढं होऊन बॅग घेतली आणि वर कॅरिअरवर चढवली.

“दोरी घट्ट बांध,” मी म्हटलं. “लांब जायाचं नाही, पण पडाले नको.”

आमच्या गाडीत जागा ठरलेल्या. ड्रायव्हरच्या बाजूची पुढची सीट पार्टीच्या मालकिणीची. तिच्यावर दुसरं कोणी बसत नाही. मधे बाया, मागं पुरुषमाणसं. देवमन गपचूप मागं गेला आणि शेषरावांच्या ढोलकशेजारी अंग चोरून बसला. भावनानं नेहमीसारखं माझ्यासाठी पुढचं दार उघडलं.

मी ते दार ढकलून लावलं. “तू बस पुढं,” तिला म्हटलं, आणि बाजूच्या दारातून आत शिरले. बायांच्या मधून, स्पीकर ओलांडत, लुगडं सावरत, पार शेवटच्या बाकापर्यंत गेले. शेषरावांनी ढोलक पोटाशी धरला. प्रीतम खिडकीतून पाहत राहिला.

“सरका,” मी देवमनला म्हटलं.

तो सरकला. मी बसले. मागच्या बाकावर जागा अशी कितीक असते; खांद्याला खांदा लागला आणि मी तो काढून घेतला नाही.

“काय पाहता सारे?” मी ओरडले. “गाडी काढा.”